हप्त्यावरचे दोन हजार

गृहकर्ज मंजूर झाले की कागदांच्या जाड गठ्ठ्यात परतफेडीचा एक तक्ताही येतो. मंजुरीपत्र, करार, विम्याचे अर्ज आणि पानोपानीच्या सह्या यांच्याखाली तो दबून जातो. वीस वर्षांच्या कर्जाला दोनशे चाळीस ओळी आणि पाच रकाने: हप्ता क्रमांक, हप्त्याची रक्कम, त्यातले व्याज, त्यातले मुद्दल आणि उरलेली बाकी. बहुतेक घरांत तो एकदा चाळला जातो, शेवटच्या पानावरचे शून्य पाहून जिवाला बरे वाटते आणि फाइल कपाटात जाते. नीट वाचावे असे पान मात्र पहिले असते.

तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरू. डोंबिवली, बदलापूर, मोशी किंवा नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे दोन खोल्यांचे घर घेणाऱ्या नोकरदार जोडप्याला हे आकडे ओळखीचे वाटतील. हप्ता बसतो २६,०३५ रुपये. पहिल्या ओळीत व्याज २१,२५० आणि मुद्दल ४,७८५. दुसऱ्या ओळीत व्याज २१,२१६, मुद्दल ४,८१९. पगारातून सव्वीस हजार कापले गेले तरी कर्ज पाच हजारांनीही उतरत नाही. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला तर बँकेकडे १५ लाख ६२ हजार रुपये गेलेले असतात आणि मुद्दल कमी झालेले असते ३ लाख ५६ हजारांनी. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो तो १४३ व्या हप्त्याला, म्हणजे बारावे वर्ष संपता संपता. निम्मे कर्ज फिटायला जवळजवळ चौदा वर्षे लागतात.

यात कोणाची लबाडी नाही. व्याज दर महिन्याला उरलेल्या बाकीवर आकारले जाते. सुरुवातीला बाकी मोठी, म्हणून व्याज मोठे. हप्ता मात्र वीस वर्षे सारखाच ठेवायचा, म्हणून मुद्दलाच्या वाट्याला उरलेसुरले येते. गणित सरळ आहे. पण त्याच गणितात कर्जदाराच्या फायद्याची एक वाट आहे आणि ती कोणी आपणहून दाखवत नाही.

पहिला हप्ता भरताना कोणी वर ४,८१९ रुपये जास्तीचे भरले, तर काय होते? ही रक्कम दुसऱ्या ओळीतल्या मुद्दलाएवढी आहे. ती मुद्दलात जमा झाली की दुसरी ओळ तक्त्यातून गळते आणि पुढच्या महिन्यात कर्जदार थेट तिसऱ्या ओळीवर येतो. गळलेल्या ओळीतले २१,२१६ रुपयांचे व्याज कधीच भरावे लागत नाही. आता शेवटच्या, म्हणजे विसाव्या वर्षाची पहिली ओळ पाहा. तिथे मुद्दल २३,९२० आणि व्याज २,११४. तीच एक ओळ खोडायला तिथे जवळपास चोवीस हजार मोजावे लागतात आणि वाचतात दोन हजार. कर्ज लवकर फेडण्याचे सगळे मर्म या दोन ओळींत आहे. अगदी किरकोळ वाटणारी जादा रक्कमही सुरुवातीच्या वर्षांत भरली, तर ती पुढच्या कितीतरी वर्षांचे व्याज वाचवते.

म्हणूनच दरमहा फक्त २,००० रुपये जास्तीचे भरण्याचा परिणाम थक्क करणारा असतो. वरच्याच कर्जात पहिल्या महिन्यापासून २८,०३५ रुपये भरले तर ते २४० ऐवजी २०१ महिन्यांत संपते. सव्वातीन वर्षे आधी सुटका, आणि व्याजात ६ लाख १३ हजारांची बचत. पाच हजार जास्तीचे भरणे झेपले तर तेरा वर्षे आठ महिन्यांत कर्ज फिटते आणि पावणेबारा लाखांच्या आसपास व्याज वाचते. एकरकमी एक लाख रुपये पहिल्या वर्षाच्या शेवटी भरले तर सुमारे ३ लाख ७० हजार वाचतात. तेच एक लाख पंधरा वर्षांनी भरले तर पन्नास हजार. म्हणूनच ‘पुढे पगार वाढला की बघू’ ही पुढे ढकलण्याची सवय महागात पडते.

मराठी मुलखाला कर्जाचा हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली तेव्हा त्यांचा रोख होता कर्जखतांवर आणि वह्यांवर. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या उठावामागे कर्जाच्या ओझ्याइतकीच हिशेबाची तक्रारही होती: किती घेतले, किती फेडले आणि किती उरले हे सावकाराच्या वहीलाच ठाऊक. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याही आधीपासून हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये तो मानत: एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. दरमहा व्याज चुकते होत जाणाऱ्या आजच्या गृहकर्जाला हा नियम लागू पडत नाही. पण एक आकडा त्या कसोटीवर ठेवून पाहण्यासारखा आहे. वरच्या तीस लाखांच्या कर्जावर वीस वर्षांत भरायचे एकूण व्याज ३२ लाख ४८ हजार होते.

घरासाठी पगारदारांना दीर्घ मुदतीचे कर्ज देण्याची आजच्या धर्तीची पद्धत आपल्याकडे तशी अलीकडची. आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये मुंबईत एचडीएफसी सुरू केली. १९७८ मधले तिचे पहिले कर्ज होते मालाडमधल्या घरासाठी. त्याआधीच्या पिढीत घर व्हायचे ते बहुधा उतारवयात: भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, थोडे सोने मोडून आणि उरलेले नातेवाइकांकडून. कर्जामुळे घर तिशीत आले, हे कर्जाचे मोठेच उपकार. पण निवृत्तीच्या पैशातून घर घेणाऱ्या त्या पिढीला व्याज भरावे लागत नव्हते, आणि तिशीत घर घेणारी पिढी निवृत्तीपर्यंत व्याज भरत राहते. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. अडतिसाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज घेणाऱ्याला एक हप्ताही पुढे सरकायला जागा उरत नाही.

कर्ज आधी फेडायला निघालेल्याला दंड भरावा लागे, हेही फार जुने नाही. शिल्लक रकमेवर दोन-तीन टक्के आकार लावणे ही सर्रास रीत होती. सेबीचे माजी अध्यक्ष एम. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या ग्राहकसेवेवर नेमलेल्या समितीने तो काढून टाकण्याची शिफारस २०११ मध्ये केली आणि ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा आकार घेण्यास बँकांना बंदी केली. गृहवित्त कंपन्यांच्या बाबतीत राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने त्याआधीच हे पाऊल उचलले होते. २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने याविषयीचे नियम एकत्र केले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीने घरासाठी घेतलेले बदलत्या दराचे कर्ज अंशतः फेडा की पूर्ण, पैसा स्वतःचा असो की दुसऱ्या बँकेचा, आकार नाही आणि अमुक महिने थांबण्याची अटही नाही. ठरावीक दराच्या कर्जाला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून अशा कर्जात करारातले कलम आधी वाचणे भाग आहे.

असे असूनही लोक जास्तीचे भरत नाहीत. त्याचे एक कारण २०२२ मध्ये ठळक झाले. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो रेपो दर मे २०२० पासून चार टक्क्यांवर होता आणि पावणेसात टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज मिळत होते. ४ मे २०२२ पासून दर चढू लागला आणि ८ फेब्रुवारी २०२३ रोजी साडेसहावर पोचला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या निर्देशक दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली. त्यामुळे अडीच टक्क्यांची वाढ थेट कर्जदारावर आली. पण कित्येकांना ती जाणवली नाही, कारण हप्ता तोच राहिला आणि मुदत वाढत गेली.

पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या तीस लाखांच्या कर्जाचा हप्ता होता २२,८११ रुपये. एक वर्षाने बाकी सुमारे २९ लाख २६ हजार. त्या बाकीवर दर एकदम सव्वानऊ टक्के झाला असे धरले, तर नुसते महिन्याचे व्याज होते २२,५५९. मुद्दलाच्या वाट्याला अडीचशे रुपये. या गतीने कर्ज फिटायला जवळजवळ ४९ वर्षे लागतील. प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने वाढला आणि कर्जदाराचे वय पाहता बँकांना कुठेतरी हप्ताही वाढवावा लागला. पण वीस वर्षांचे कर्ज कोणी न विचारता पंचवीस-तीस वर्षांचे होऊन बसल्याचे अनेकांना फार उशिरा कळले. कर्जदाराच्या संमतीशिवाय त्याची वर्षे वाढवणे हा अन्यायच होता, मग त्याला व्यवस्थेतली सोय म्हणा की आणखी काही.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने यावर बोट ठेवले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारावे. अंशतः किंवा पूर्ण फेडीची मुभा कर्जाच्या मुदतीत केव्हाही असावी. आणि मुदत इतकी ताणली जाऊ नये की हप्त्यातून व्याजही भागणार नाही. शिवाय दर तिमाहीला एक विवरण मिळायला हवे: आजवर वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर. सुप्याच्या शेतकऱ्यांना जो हिशेब कधी मिळाला नाही, तो इथे मागायचीही गरज नाही. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘उरलेले हप्ते’ हा एकच आकडा दर तिमाहीला वहीत लिहून ठेवला, तरी कर्ज कुठल्या दिशेने चालले आहे ते कळते.

दर उतरतात तेव्हा उलटी संधी येते. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. साडेआठ टक्क्यांचे नवे तीस लाखांचे कर्ज सव्वासात टक्क्यांवर आले असे धरले तर हप्ता २३,७११ पर्यंत खाली येऊ शकतो. महिन्याला तेवीसशे रुपये हाताशी राहतात आणि ते कशात खर्च होतात हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. जुनाच २६,०३५ चा हप्ता चालू ठेवला तर वीस वर्षांचे कर्ज साडेसोळा वर्षांत संपते. यासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागत नाही, कारण तेवढे पैसे खिशातून जायची सवय आधीच झालेली असते. बँकेला मात्र स्पष्ट लेखी सांगावे लागते: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

काउंटरवर ‘मुदत’ हा शब्द फार मोलाचा आहे. अंशतः परतफेडीच्या अर्जात, किंवा ॲपमधल्या त्याच कामाच्या पानावर, बहुधा दोन पर्याय असतात: हप्ता कमी करणे आणि मुदत कमी करणे. घाईत पहिल्यावर खूण झाली की दोन हजारांची सगळी किमया मंदावते, कारण पुढच्या महिन्यापासून हप्ता थोडा घटतो आणि कर्ज वीस वर्षेच चालते. दुसरी काळजी अशी की जास्तीची रक्कम ‘पुढचा हप्ता आगाऊ’ म्हणून जमा होऊ नये. ती मुद्दलात वळती झाल्याची पोच घ्यावी आणि आठवड्याभराने बाकीचा आकडा पाहावा. काही संस्था एका वेळी किमान एक-दोन हप्त्यांएवढी रक्कम असली तरच स्वीकारतात. तिथे दरमहा दोन-तीन हजारांची आवर्ती ठेव काढून वर्षातून एक-दोनदा भरणा करता येतो. महिला मंडळाच्या भिशीचा नंबर लागला की ती रक्कम कर्जात टाकणारी घरेही आहेत, आणि तो हिशेब चोख आहे.

दिवाळीचा बोनस हा तर मराठी नोकरदाराचा हक्काचा जादा पैसा. मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना २०२४ च्या दिवाळीत २९ हजारांचे सानुग्रह अनुदान मिळाले. तीस लाखांच्या कर्जाच्या एका हप्त्याहून ही रक्कम जास्त आहे. दर दिवाळीला एवढेच भरत गेले तर कर्ज साधारण सोळा वर्षे चार महिन्यांत उरकते. कपडे, फराळ, मुलांचे फटाके यांत काही जाणारच आणि जायलाच हवे. सणाचा आनंद गहाण टाकून कर्ज फेडा असे कोणी सांगू नये. निम्मा बोनस गेला तरी काही वर्षे वाचतात.

ज्यांचा पगार दर वर्षी वाढतो त्यांच्यासाठी आणखी एक रीत आहे: दर वर्षी हप्ता पाच टक्क्यांनी वाढवणे. पहिल्या वर्षी २६,०३५, दुसऱ्या वर्षी २७,३३७ असे चढत गेले की तेच कर्ज सव्वाबारा वर्षांत संपते. बाराव्या वर्षी हप्ता साडेचव्वेचाळीस हजारांवर गेलेला असतो, म्हणून ज्यांची वेतनवाढ खात्रीची आहे त्यांनीच हा मार्ग धरावा. स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखी ओव्हरड्राफ्टच्या धर्तीची गृहकर्जेही आहेत. त्यांत जादा पैसा कर्जखात्यात ठेवला की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि अडीनडीला तो काढता येतो. हंगामी उत्पन्नाच्या व्यावसायिकांना ती सोयीची पडतात, मात्र काढण्याची मुभा आहे म्हणून पैसा निघत राहिला तर उपयोग शून्य.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्यांची कथा वेगळी आणि जास्त कष्टाची. ताबा मिळेपर्यंत अनेकदा फक्त उचललेल्या रकमेवरचे व्याज भरले जाते आणि पूर्ण हप्ता नंतर सुरू होतो. तीस लाख पूर्ण उचलले गेल्यावर ताबा दोन वर्षे लांबला तर ५ लाख १० हजार रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल जागचे हलत नाही. वर राहत्या जागेचे भाडे चालूच. पूर्ण हप्ता आधीच सुरू करण्याची मुभा असेल आणि झेपत असेल, तर ती मागून घ्यावी.

आता दुसरी बाजू. आर्थिक सल्लागारांतला एक वर्ग म्हणतो, साडेआठ टक्क्यांचे कर्ज कशाला फेडता, तेच दोन हजार म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका, वीस वर्षांत जास्त मिळतील. मिळतीलही. पण शेअर बाजाराचा परतावा अंदाजाचा आणि फेडलेल्या कर्जाचे वाचलेले व्याज खात्रीचे. दोन्ही एकाच तराजूत घालता येत नाहीत. पस्तिशीतल्या, नोकरी भक्कम असलेल्या माणसाने दोन्हींत वाटणी केली तर ते शहाणपणाचे आहे. पन्नाशीला पोचलेल्या आणि पेन्शन नसलेल्या माणसाला या लेखाचे म्हणणे स्वच्छ सांगावेसे वाटते: आधी घर मोकळे करा.

करसवलतीचा मुद्दा त्याहून कमजोर. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. वरच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज २ लाख ५३ हजार. तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस उपकरासह ६२,४०० रुपये वाचवतो, म्हणजे उरलेले एक लाख नव्वद हजार त्याच्याच खिशातून जातात. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावटही नाही.

मात्र काही गोष्टी जादा परतफेडीच्या आधी याव्यात, यात दुमत नसावे. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्क्यांनी वाढत असेल तर गृहकर्जाला हात लावण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला हवी, कारण कर्जात भरलेला पैसा साध्या कर्जखात्यातून परत निघत नाही. आणि कमावत्या माणसाचा कर्जाएवढा मुदतीचा विमा हवा. तो स्वतंत्र घ्यावा, कारण कर्जात मिसळलेल्या विम्याच्या एकरकमी हप्त्यावरही वीस वर्षे व्याज चढते.

शेवटचा हप्ता भरल्यानंतरही काम उरते आणि इथे बरेच जण निष्काळजी राहतात. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत आणि नोंदवलेला बोजा उतरला पाहिजे. धनकोमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद त्यांच्याकडून गहाळ झाले तर प्रमाणित नकला मिळवून देण्याचा खर्च त्यांचा, त्यासाठी आणखी तीस दिवस. मूळ करारनामा, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू यादीशी ताडून घ्यावेत. बेबाकी दाखला घेऊन सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढावी. रो हाउस किंवा जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा फेरफाराने उतरवून घ्यावा. तारण नोंदणीच्या केंद्रीय यादीतली नोंद बंद झाली का आणि सिबिल अहवालात खाते ‘बंद’ दिसते का, तेही पाहावे. हप्ता कापण्यासाठी बचत खात्यावर दिलेला नॅच आदेश रद्द केल्याची पोच फाइलला लावावी आणि पुढच्या महिन्याच्या हप्त्याच्या तारखेला खात्याचा उतारा एकदा उघडून पाहावा.